आमवात असताना आठवडा कसा लावावा: गोळीचा वार, रक्ताचे रिपोर्ट आणि स्वयंपाकघर

आमवातात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, शरीराची रोगप्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावरच उलटते. वयानुसार गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा आणि त्यासाठी दिलेले सल्ले इथे बऱ्याचदा लागू पडत नाहीत. शेक, व्यायाम, जाड मुठीची सुरी या सगळ्यांचा उपयोग आहे, पण आजार रोखायचं काम औषधच करतं. म्हणून सुरुवात गोळ्यांपासून. घरात होणाऱ्या सर्वांत महागड्या चुकाही तिथेच होतात.

गोळीचा वार

बहुतेकांचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. चुकून रोज घेतलं गेलं तर तोंड आतून सोलवटतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात, आणि माणूस दगावूही शकतो. अशी चूक होण्याची कारणं अगदी साधी असतात. बाकीच्या गोळ्या रोजच्या असतात आणि ही एकटीच आठवड्याची. गोळ्या काढून देणारं माणूस बदलतं. त्यात नावांचा घोळ: फोलिट्रॅक्स हे मेथोट्रेक्सेट आहे आणि फॉलव्हाइट हे फॉलिक ॲसिड, म्हणजे मेथोट्रेक्सेटचे दुष्परिणाम कमी करायला देतात ते जीवनसत्त्व. दोन्ही नावं ‘फ’ची, गोळ्याही पिवळट असू शकतात, आणि फॉलिक ॲसिड बऱ्याच जणांना आठवड्यातून अनेक दिवस असतं. अदलाबदल झाली तर काय होईल ते उघड आहे.

तेव्हा हे असं लावून घ्या:

१. वार ठरवा आणि तो डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. नुसतं ‘आठवड्यातून एकदा’ पुरत नाही. मेथोट्रेक्सेटचा ‘म’ तोच मंगळवारचा ‘म’, म्हणून तो वार लक्षात राहायला सोपा. पण दुसऱ्या दिवशी थकवा येत असेल तर सुट्टीच्या आदल्या रात्रीचा वार बरा. ज्या वारी तुमचा कडक उपवास असतो तो टाळा. रिकाम्या पोटी मळमळ वाढते आणि मग उपवासापायी गोळी राहते.

२. पट्टीवर मार्करने वार आणि एका वेळच्या गोळ्या लिहा: ‘फक्त मंगळवार, २ गोळ्या’. ही पट्टी रोजच्या गोळ्यांच्या डब्यात न ठेवता वेगळ्या डबीत ठेवा.

३. केमिस्टकडून दर वेळी एकाच ताकदीची गोळी घ्या. १५ मिलिग्रॅम म्हणजे २.५ च्या सहा गोळ्या, ७.५ च्या दोन किंवा १५ ची एक. कंपनी बदलली, त्याबरोबर ताकद बदलली आणि घरी मात्र ‘दोन गोळ्या’ हेच डोक्यात राहिलं, की डोस दुप्पट किंवा निम्मा होतो. दुकानातच मिलिग्रॅम वाचा.

४. घेतली की कॅलेंडरवर फुली मारा. महालक्ष्मी किंवा कालनिर्णय भिंतीवर असतंच. मोबाइलच्या गजरापेक्षा ते बरं, कारण घरातल्या सगळ्यांना दिसतं.

वार चुकला तर दोन दिवसांच्या आत आठवलं तर घ्या आणि पुढचा डोस नेहमीच्याच वारी. त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोडा. भरपाई म्हणून दुप्पट कधीच नाही. गोळ्या चुकून लागोपाठ रोज घेतल्या गेल्या असं कळलं, तर काही त्रास जाणवत नसला तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा. तिथे उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड देतात; घरातलं फॉलिक ॲसिड त्याची जागा घेऊ शकत नाही.

मळमळ हे औषध सोडण्याचं सर्वांत मोठं कारण. गोळी रात्री जेवून झोपताना घेतली तर बराचसा त्रास झोपेत निघून जातो. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर फॉलिक ॲसिड वाढवतात, डोस एकाच दिवसात दोनदा विभागून देतात, किंवा पोटाच्या वा मांडीच्या कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन सुरू करतात. इंजेक्शनने पोटाचा त्रास अनेकांचा कमी होतो आणि मोठा डोस अंगी जास्त लागतो. फॉलिक ॲसिड सहसा मेथोट्रेक्सेटच्या दिवशी न देता इतर दिवशी देतात. घरात कुणी गरोदर असेल तर तिने या गोळ्या मोडू नयेत, चुराही हाताळू नये.

आणि धीर धरा. मेथोट्रेक्सेटचा फरक दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात. ‘महिना झाला, काही उपयोग नाही’ म्हणून सोडणारे पुष्कळ. मधल्या काळात वेदना सुसह्य व्हावी म्हणून डॉक्टर वेदनाशामक किंवा थोडं स्टेरॉइड देतात, ते तेवढ्यापुरतंच.

रक्ताची तपासणी

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीओटी-एसजीपीटी (यकृतासाठी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). सुरुवातीचे तीन महिने दर २ ते ४ आठवड्यांनी, पुढे सगळं सुरळीत असेल तर ८ ते १२ आठवड्यांनी. रक्त गोळीच्या आदल्या एकदोन दिवसांत द्या. गोळी घेतल्यावर लगेच दिलं तर यकृताचे आकडे तात्पुरते वर दिसतात आणि विनाकारण औषध थांबतं. लॅब शक्यतो एकच ठेवा.

रिपोर्ट आल्यावर पुढच्या भेटीची वाट न बघता तीन आकडे स्वतः बघायची सवय लावा. पांढऱ्या पेशी ३,५०० च्या खाली, प्लेटलेट १,४०,००० च्या खाली किंवा एसजीपीटी १०० च्या वर गेलं असेल तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. आकडा ठीक असला तरी मागच्या तीन रिपोर्टांत तो सारखा एकाच दिशेने सरकतोय का हेही बघा. दारूने यकृतावरचा भार वाढतो. ‘फक्त लग्नात’ असेल तरी डॉक्टरांना खरं सांगा.

बाकीची औषधं

हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचा डोस वजनावर ठरतो, दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत. वजन ५० किलो आणि रोज ४०० ची गोळी चालू असेल तर ती जास्त होते, विचारा. पहिल्या वर्षात एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी. साध्या चष्म्याच्या तपासणीत हे कळत नाही, ‘हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालू आहे’ असं डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगावं लागतं. सल्फासलाझीनने लघवी नारिंगी होते, घाबरू नका. लेफ्लुनोमाइडने जुलाब लागू शकतात, रक्तदाब वाढू शकतो.

स्टेरॉइड म्हणजे प्रेडनिसोलोन वगैरे सकाळी नाश्त्यानंतर घ्या. काही आठवडे घेतल्यावर ते अचानक बंद करायचं नसतं, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. एकदम सोडलं की उलट्या, गळाठा, रक्तदाब घसरणं असे प्रकार होतात. इथेच ‘पुडी’चा विषय येतो. कुणाच्या तरी गावाकडची, नाव-गाव नसलेली, दोन दिवसांत बोटं मोकळी करणारी पुडी. इतक्या झटपट गुण देणाऱ्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचा संशय घ्यावाच. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि आत सांधे खराब होत राहतात. आधीच घेत असाल तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा. ती बंदही त्यांच्या देखरेखीखालीच करावी लागते.

बायोलॉजिक इंजेक्शनं (रोगप्रतिकारशक्तीतला ठरावीक दुवा अडवणारी) आणि टोफासिटिनिबसारख्या गोळ्या सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी होते: छातीचा एक्स-रे आणि मांटू (कातडीत टोचून करतात ती) किंवा रक्ताची चाचणी. आपल्याकडे दडलेला क्षय अनेकांच्या शरीरात असतो आणि ही औषधं त्याला जागं करू शकतात, म्हणून ही तपासणी टाळू नका. टोफासिटिनिबने नागिणीची शक्यताही वाढते. बायोलॉजिक इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, मधल्या फळीवर. दारात नाही आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नाही. गोठलेलं इंजेक्शन वितळलं तरी वापरायचं नाही. जिथे वीज तासन्‌तास जाते तिथे एका वेळी एक-दोनच आणा. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, थंड औषध जास्त झोंबतं. गरम पाण्यात बुडवू नका. वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाका आणि ती दवाखान्यात नेऊन द्या.

ताप आला तर

ताप, प्रतिजैविकं चालू, किंवा उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालेलं: अशा वेळी मेथोट्रेक्सेटचा डोस थांबवून डॉक्टरांना विचारा. शरीरात पाणी कमी असलं की मूत्रपिंडातून औषध बाहेर पडत नाही आणि नेहमीचाच डोस जड होतो. स्टेरॉइड मात्र आपल्या मनाने थांबवू नका. पावसाळ्यात डेंग्यू असला तर प्लेटलेट आजारानेही घसरतात आणि औषधानेही, तेव्हा ‘व्हायरल असेल’ म्हणत तीन दिवस काढू नका. पहिल्याच दिवशी सीबीसी करा आणि वेदनाशामक गोळ्या बंद ठेवा.

लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कुणी सेप्ट्रानसारखी को-ट्रायमोक्सॅझोलची गोळी लिहून दिली तर थांबा. मेथोट्रेक्सेटबरोबर ती रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते. कुठल्याही नव्या डॉक्टरांना, अगदी दातांच्याही, ‘मी आठवड्याला मेथोट्रेक्सेट घेते’ हे पहिल्या वाक्यात सांगावं.

त्याच दिवशी दाखवायच्या गोष्टी: तोंडात नवे फोड, नवा कोरडा खोकला आणि धाप, डोळे पिवळे, अंगावर आपोआप जांभळे डाग. आणखी एक: एकच सांधा अचानक लाल, गरम, टम्म सुजलेला आणि अंगात ताप. याला ‘आमवात उसळला’ म्हणू नका. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो आणि तो काही दिवसांतच सांधा निकामी करतो.

सकाळचा पहिला तास

बोटं तासभर आखडलेली राहणं ही या आजाराची खूणच. कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून ५ ते १० मिनिटं बोटं हळूहळू मिटा-उघडा, मग गरम पाण्याने अंघोळ. आखडलेल्या सांध्याला गरम. लाल आणि गरम झालेल्या सांध्याला गार, बर्फ फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं. गरम सुजेवर गरम शेक दिला तर ठणका वाढतो, आणि घराघरात नेमकं हेच केलं जातं. डबा भरणं, झाडू-पोछा अशी कामं उठल्यापासून दीड-दोन तासांनी ठेवता आली तर ठेवा. भाजी आदल्या संध्याकाळी चिरून ठेवली की सकाळचं निम्मं ओझं उतरतं.

झोपताना गुडघ्यांखाली उशी घेऊ नका. आराम वाटतो, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडत जातो आणि काही महिन्यांनी पूर्ण सरळ होईनासा होतो.

स्वयंपाकघर

मूळ नियम एवढाच: वजन बोटांवरून तळव्यावर, तळव्यावरून कोपरावर, खांद्यावर न्या, आणि बोटं करंगळीच्या दिशेने ढकलली जातील अशी पकड टाळा, कारण आमवातात बोटं वाकडी होतात ती त्याच दिशेला.

या कसोटीवर सांडशी पहिली बाद होते. दोन लिटर दुधाचं पातेलं सांडशीने उचलताना सगळं वजन आवळलेल्या बोटांवर आणि मनगटावर येतं. दोन कानांचं भांडं घ्या, जाड फडक्याने दोन्ही तळव्यांत धरा, आणि उचलण्याऐवजी ओट्यावरून सरकवा. दूध-आमटी ओतण्याऐवजी डावाने काढा. कुकर ५ लिटरऐवजी ३ लिटरचा, आणि पाणी तो शेगडीवर ठेवल्यावर तांब्याने घाला.

कणीक: पीठ आणि पाणी नुसतं कालवून २०-३० मिनिटं झाकून ठेवा. तेवढ्यात पीठ आपोआप लवचीक होतं, मग चमचाभर तेल लावून तळव्याच्या टाचेने मिनिटभर मळलं की पुरे. मुठी वळून, बोटं रोवून मळू नका. सूज असेल त्या आठवड्यात फूड प्रोसेसरला पर्याय नाही. पोळी लाटताना लाटण्याची टोकं मुठीत न धरता दोन्ही तळवे सपाट लाटण्यावर फिरवा. भाकरी थापण्यात मनगटाला सारखे हबके बसतात. उकळत्या पाण्यात ज्वारी-तांदळाची उकड काढून ती लाटून केलेली भाकरी चवीला जराही कमी नाही. (थापलेलीच हवी असा हट्ट धरणाऱ्याने स्वतः थापावी.)

विळी सोडा. खाली बसणं-उठणं गुडघ्यांना जड आणि भाजी दाबून धरणं बोटांना. सुरी, उलथनं, टूथब्रश, पेन यांच्या मुठी जाड करायला एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम उत्तम. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो; १० सेंटिमीटरचा तुकडा कापून मुठीवर सरकवा, सैल असेल तर आत रबरबँड गुंडाळा. मूठ जाड झाली की तेवढीच पकड कमी ताकदीत बसते.

बरणी ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे फिरणार नाही, झाकणावर तळवा सपाट दाबा आणि हात खांद्यातून फिरवा. उघडताना उजवा हात, बंद करताना डावा. दोन्ही वेळा हात अंगठ्याच्या दिशेने फिरतो. फडका पिळू नका, नळाभोवती गुंडाळून दोन्ही टोकं तळव्यांनी ओढा. चिमटीने दाबायच्या लायटरपेक्षा आपोआप पेटणारी शेगडी बरी. फिरवायच्या नळाऐवजी कोपराने ढकलता येणारा लांब दांड्याचा नळ प्लंबर थोड्या वेळात बसवून देतो. सगळं एकदम बदलायची गरज नाही. आठवडाभर कुठल्या कामानंतर ठणका लागतो ते बघा, आणि तिथून सुरुवात करा.

कपडे, दागिने, चपला

नाडीऐवजी इलॅस्टिक, ब्लाउजचे हुक पुढे, मंगळसूत्राला चुंबकाची कडी. अंगठी आणि घट्ट बांगड्या सूज नसताना काढून ठेवा, नाही तर सोनाराकडून कापून घ्यायची वेळ येते. जोडव्यांचंही तेच, पायाच्या बोटांचे सांधे लवकर सुजतात.

अंगठ्याची सपाट चप्पल पायाच्या बोटांना सारखी पकड धरायला लावते. पुढे रुंद, मागे पट्टा असलेली, वेल्क्रोची, मऊ तळाची सँडल घ्या. ती संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना घालून बघा. घरात फरशीवर अनवाणी फिरू नका. भारतीय पद्धतीच्या संडासात कमोडची खुर्ची ठेवा आणि हाताशी भिंतीत दांडी लावून घ्या.

व्यायाम

सुजलेल्या दिवशीही प्रत्येक सांधा दोनतीनदा हळूच पूर्ण फिरवावा; नुसता झाकून ठेवला तर आखडतो. सूज उतरलेल्या दिवसांत ताकदीचे व्यायाम सुरू करा. सोपा आणि उपयोगी: पाय सरळ ठेवून गुडघ्याखालच्या टॉवेलवर गुडघा दाबा, ५ सेकंद धरा, १० वेळा. त्यासोबत रोजचं चालणं. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांनीही टिकलं तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करा. मऊ रबरी चेंडू दाबत बसण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. बोटांत सूज असताना तो नको, सांध्यांवर उलट ताण येतो.

मान हा वेगळा विषय. जुन्या आमवातात मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात. केस कापून झाल्यावर मानेला झटका देऊन ‘कटकट’ वाजवणं, मालीशवाल्याकडून मान मोडून घेणं पूर्ण बंद. मान वाकवली की पाठीत किंवा हातापायांत करंट गेल्यासारखं होत असेल तर एक्स-रे लगेच काढा. कुठल्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना आमवात आहे हे आवर्जून सांगा, कारण नळी घालताना मान मागे करावी लागते.

खाणं

चिंच, दही, वांगं, बटाटा, तूरडाळ यांनी आमवात वाढतो असा ठोस पुरावा नाही. पथ्याच्या नावाखाली डाळ आणि दही सोडणाऱ्यांची प्रथिनं आणि कॅल्शियम मात्र नक्की कमी होतात, आणि स्टेरॉइड चालू असताना तर तेच जास्त लागतं. एखाद्या पदार्थाने तुम्हाला दर वेळी त्रास होतोय असं वाटलं तर तो तेवढा सोडा. बिडी-सिगारेट मात्र खरोखर आजार चिघळवते आणि औषधांचा परिणाम कमी करते. हिरड्यांच्या आजाराचाही आमवाताशी संबंध दिसलेला आहे, तेव्हा मशेरी बंद आणि दर सहा महिन्यांनी दात दाखवा.

मूल हवं असेल तर

कुठलं औषध थांबवायचं आणि कुठलं चालू ठेवायचं हे ठरवायची वेळ गर्भधारणेच्या आधी असते. मेथोट्रेक्सेट सहसा तीन महिने आधी थांबवतात. लेफ्लुनोमाइड शरीरात खूप काळ, कधी दोन वर्षांपर्यंत, रेंगाळतं, म्हणून ते बाहेर काढण्यासाठी वेगळं औषध द्यावं लागतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, सल्फासलाझीन आणि कमी डोसचं प्रेडनिसोलोन गरोदरपणात चालू ठेवता येतं. तोवर पाळणा लांबवण्याचं साधन नीट वापरा. पुरुषांनीही विचारावं, सल्फासलाझीनने शुक्राणूंची संख्या तात्पुरती कमी होते.

डॉक्टरांकडे जाताना

‘बरं आहे’ किंवा ‘दुखतंय’ एवढ्यावर डॉक्टर औषध ठरवू शकत नाहीत. एका कागदावर लिहून न्या: सकाळी किती मिनिटं आखडतं, कुठले सांधे सुजलेले, किती डोस चुकले, वेदनाशामक किती वेळा लागलं. सूज भेटीच्या दिवशी नसते असं नेहमी होतं, म्हणून सुजलेल्या हाताचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. रिकाम्या झाल्या तरी औषधांच्या पट्ट्या सोबत न्या. लसींबद्दल विचारा: फ्लूची दर वर्षी आणि न्यूमोनियाची, जिवंत जंतूंच्या लसी या औषधांवर असताना सहसा देत नाहीत.

आणि डीएएस-२८, म्हणजे आजार किती जोरात आहे ते सांगणारा आकडा, किती आला ते विचारा. २८ सांधे तपासून, ईएसआर किंवा सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) जोडून काढलेला हा आकडा २.६ च्या खाली असेल तर आजार शांत आहे. उपचार सुरू झाल्यावर तीन महिन्यांत तो स्पष्ट उतरला नाही, किंवा सहा महिन्यांत ठरवलेल्या पातळीला आला नाही, तर तेच औषध तसंच पुढे ढकलायचं नसतं. डोस वाढवायचा, दुसरं जोडायचं की बदलायचं, हे त्याच भेटीत बोलून घ्या.